रांगेतली सापशिडी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रांत दवाखान्यातल्या रांगांचा विषय वरचेवर येतो. डॉक्टर वेळेवर येत नाहीत, नंबर मागंपुढं होतात, बसायला बाकडी पुरत नाहीत. तक्रारी खऱ्या आहेत आणि रांग कमी करणं ज्यांच्या हातात आहे त्यांनी ते करावंच. मला लिहायचं आहे ते रांगेत जाणाऱ्या वेळेबद्दल. माणूस दोन-दोन, तीन-तीन तास बाकावर बसून असतो. हाताला काम नसतं, डोक्यात आजाराशिवाय विषय नसतो. आपल्या दुखण्याबद्दल चार गोष्टी शिकायला याहून चांगली वेळ त्याला वर्षभरात मिळत नाही. आणि नेमकी तीच वेळ आपण भिंतीवरच्या टीव्हीच्या हवाली करतो. त्यात आवाज बंद करून चार माणसं भांडत असतात.

मी शुक्रवार पेठेत छपाईचा धंदा करतो. आधी ऑफसेट होतं, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. आता फ्लेक्स, विनाइल आणि सनबोर्ड. कोल्हापुरात फ्लेक्सवाल्याला काम कमी पडत नाही हे आपल्याला सांगायला नको. वाढदिवस, निवड, अभिनंदन, फुटबॉलचा हंगाम, गणपती. मधूनमधून दवाखान्यांचीही कामं येतात: ‘शांतता राखा’, ‘चपला बाहेर काढाव्यात’, आणि आरोग्याच्या माहितीचे ते भले मोठे फलक. ते मीच छापतो, म्हणून ते कुणी वाचत नाही हे जरा अधिकारानं सांगतो. मजकूर कुठल्या तरी परिपत्रकातून उचललेला, सगळा बसलाच पाहिजे म्हणून अक्षर बारीक, आणि लावायची जागा पंख्याच्याही वर.

माझी आत्या राधानगरी तालुक्यातली. साखरेची जुनी पेशंट, दोन वेळचं इन्सुलिन. तपासणी असली की पहाटेची एसटी धरून येते, मी स्टँडवरून तिला घेतो. पूर्वी आम्ही शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात जायचो. नाव घेत नाही, कारण दुसरीकडंही चित्र तेच असतं. तिथल्या हॉलमध्ये मधुमेहाचा फलक होता. त्यात एक ओळ होती, ‘इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात साठवावे, गोठवू नये.’ मजकूर अगदी बरोबर. आत्या दर वेळी त्या फलकाखालीच बसायची, कारण तिथं वारा लागायचा. ही ओळ लक्षात असू द्या.

पुढं आम्ही एका लहान दवाखान्यात जायला लागलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला छपाईचं काम सांगितलं, ‘मधुमेहींसाठी महत्त्वाच्या सूचना’. कागदावर चांगल्या वीस-बावीस सूचना होत्या. मी म्हटलं, मॅडम, पैसे मला मिळतील, पण वाचणार कोण? त्या म्हणाल्या, मग तुम्हीच सांगा काय छापायचं. मी बोलून गेलो, सापशिडी. त्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

खरं तर यात नवीन काही नाही. सापशिडीचा मूळ पट म्हणजे आपला मोक्षपट. परंपरा त्याचं कर्तेपण ज्ञानेश्वर माउलींकडे देते. शिडीच्या पायाशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण, आणि खेळता खेळता माणसाला कळावं की कशानं वर जातो आणि कशानं खाली येतो. इंग्रजांनी तो खेळ नेला, त्यातला मोक्ष काढला आणि पोरांच्या हातात दिला. पटावरून शिकवायची रीत आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही.

माझ्या मनात होतं की हॉलच्या फरशीवरच मोठा फ्लेक्स अंथरावा आणि माणसांनीच सोंगट्या व्हावं. मॅडमनी ते पहिल्या दमात उडवून लावलं. फ्लेक्स गुळगुळीत असतो, जुन्या मधुमेहात तळव्याला स्पर्श नीट कळत नाही, एखादी म्हातारी घसरली तर मांडीचं हाड जायचं. मग भिंतीवर ठरलं. सहा बाय चार फुटांचा पत्रा, त्यावर विनाइल, आणि चुंबकाची एकच सोंगटी. एकच, कारण इथं एकमेकांना हरवायचं नाही. सगळ्या हॉलची मिळून एक सोंगटी. कुणी मधेच आत गेलं, कुणी नवीन आलं, तरी खेळ मोडत नाही.

फाशाचा प्रश्न उरला. फासा बाकाखाली जातो, लहान मूल तोंडात घालतं, शिवाय पन्नास हातांतून फिरलेली वस्तू दवाखान्यात नकोच. टोकनचा आकडा घ्यावा तर टोकन ओळीनं येतात, म्हणजे सोंगटी रोज त्याच घरांत पडणार. तोडगा दारावर पुकारा करणाऱ्या मामांनी काढला. जुन्या पेशंटच्या फाइलचा नंबर कसाही असतो. त्याचा शेवटचा आकडा घ्यायचा, शून्य आला तर दहा. मामा नाव पुकारतात, पेशंट आत जातो, मामा सोंगटी तितकी घरं सरकवतात. ना कुणाचा नंबर चुकत, ना कुणाला उठावं लागत. सापाच्या तोंडात आली तर हॉलला विचारायचं, ‘ह्यात चुकलं काय?’ बरोबर सांगितलं तर साप चावत नाही.

आता सापांबद्दल. प्रत्येक सापाच्या तोंडाशी मॅडमच्या सूचना उलट्या करून लिहिल्या, आणि त्याही आपण कोल्हापूरकर बोलतो तशा. ‘उपाशीपोटी तपासायचंय, पण अर्धा कप चहा चालतंय की.’ ‘बरं वाटतंय, आठ दिवस गोळी नसली तरी चालतंय की.’ ‘साखर बंद केलीया, आता गुळाचा चहा चालतंय की.’ मॅडमनी नाक मुरडलं, दवाखान्याच्या भिंतीवर असली भाषा? मी म्हटलं, पेशंट तुमच्यासमोर शुद्ध भाषेत खोटं बोलतो आणि बाहेर बाकावर ह्या भाषेत खरं बोलतो. तेव्हा त्या मानल्या.

पहिला वाद अर्थातच गुळावर झाला. ज्या जिल्ह्याच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं गुळाला साप म्हणणं म्हणजे काय! पन्हाळ्याकडचे एक गुऱ्हाळवाले बसले होते. म्हणाले, बिनकेमिकलच्या गुळानं साखर वाढतच न्हाई. मामांनी सापाच्या पोटावरची झडप उघडली. आत मॅडमच्या सहीनिशी उत्तर होतं: १०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी, तेवढ्याच गुळात साधारण ३८०. गुळात लोह आणि क्षार थोडे जास्त, पण गोडी साखरेचीच, आणि रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. गुऱ्हाळवाल्यांनी क्षणभर हिशोब केला. ‘म्हंजे वीसचा तरी फायदा हाय की!’ हॉल हसला. पण त्या दिवशी तिथं बसलेल्यांपैकी एकालाही तो आकडा विसरणं शक्य नाही. माझ्या छापील फलकानं हे कधी साधलं नसतं.

चपलेचा साप मला सगळ्यांत आवडतो, कारण तो आपल्या मातीतला आहे. नवी कोल्हापुरी चावते हे आपल्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे. चावली की दुखतं, माणूस तेल लावतो, चार दिवस दुसरं पायताण घालतो. जुन्या मधुमेहात मज्जातंतू निकामी होऊ लागले की चावलेलं कळतच नाही. ‘चप्पल चावलीया पण दुखत न्हाई, चालतंय की’ या घरात सोंगटी आली की बहुतेक लोक म्हणतात, यात चुकलं काय, दुखत नाही ते बरंच की! झडपेत लिहिलंय की न दुखणं हीच धोक्याची खूण. रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरून किंवा घरच्या माणसाला दाखवून. चैत्रात जोतिबाच्या तापलेल्या दगडांवर अनवाणी चालून पाय भाजलेली, आणि ते घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी कळलेली माणसं मॅडमकडं येतात. देवाला अनवाणी जाऊ नका असं मॅडम सांगत नाहीत. ऊन चढायच्या आत जा, आणि परत आल्यावर तळवे बघा, इतकंच सांगतात.

आणि आता ती फलकावरची ओळ. एका सकाळी सोंगटी ज्या सापाच्या तोंडात आली त्यावर लिहिलं होतं, ‘इन्सुलिन बर्फात ठेवलं तर जास्त टिकतंय की.’ हॉलमध्ये कुणी बोलेना. आत्या माझ्याकडं वळून म्हणाली, ‘मग? मी तितंच ठेवते की लेका. शेजारणीच्या फ्रीजात, बर्फाच्या कप्प्यात.’ एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी भरवशाचं राहत नाही. ते टाकून द्यावं लागतं. आत्याची साखर का उतरत नाही म्हणून डोस वाढवायचं चाललं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. ‘फ्रीजमध्ये ठेवता ना?’ असं विचारलं होतं, आणि ती ‘हो’ म्हणाली होती, खरंच तर होतं ते! २ ते ८ अंश सेल्सिअस हे वाक्य डोक्यावर घेऊन ती कित्येकदा बसली असेल. त्याचा अर्थ ‘बर्फाच्या कप्प्यात नको, खाली दाराच्या फळीवर ठेव’ असा आहे हे तिला सापानं सांगितलं. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तर मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्याखाली, सावलीत ठेवायचं, बाटलीला पाणी लागू द्यायचं नाही, हेही त्याच झडपेत आहे. शेजारणीच्या फ्रीजवर अवलंबून असलेल्यांना ते महत्त्वाचं.

दवाखान्यात येणारा माणूस आपल्या चुका डॉक्टरांना सांगत नाही. रागावतील ही भीती असते, शिवाय पुष्कळदा ती चूक आहे हेच त्याला माहीत नसतं. खेळात चूक सापाची असते. त्यामुळं ‘माझंबी असंच हाय’ म्हणायला लाज वाटत नाही. म्हणून आम्ही एक नियम पक्का केला: कुणालाही नाव घेऊन प्रश्न विचारायचा नाही, आणि कुणाच्या रिपोर्टचा आकडा विचारायचा नाही.

कधीकधी हॉल एकमुखानं चुकीचं उत्तर देतो, हेही सांगायला हवं. एका घरात प्रश्न आहे, साखरेच्या पेशंटला एकाएकी घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली, काय कराल? उत्तरं आली: वारा घाला, पाणी मारा, कांदा हुंगवा. खरं उत्तर, ही साखर फार खाली गेल्याची लक्षणं; शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं वाट बघून फरक नसेल तर पुन्हा तेवढीच; शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन. मधुमेहाच्या माणसाला साखर द्यायची हे ऐकून लोक चमकतात. घरात साखर नसेल तर गुळाचं पाणी चालेल, असं मॅडमनी खाली लिहिलंय. गुऱ्हाळवाल्यांना ते वाचून फार बरं वाटलं. पण झडपेत उत्तर नसतं तर कांदाच जिंकला असता. कारल्याच्या रसानं गोळ्या सुटतात, हेही हॉलनं असंच बहुमतानं ठरवलं होतं. म्हणून म्हणतो, डॉक्टरांच्या सहीचं उत्तर आत नसेल तर असा खेळ लावूच नये. तो अफवांचा कट्टा होईल.

माझा भाचा फार्मसीला शिकतो. त्यानं मला यावरचा एक खरा अभ्यास दाखवला. अमेरिकेतल्या होपलॅब या संस्थेनं २००६ साली कर्करोग झालेल्या तरुण मुलांसाठी ‘री-मिशन’ नावाचा व्हिडिओ गेम काढला. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ३४ रुग्णालयांतल्या, १३ ते २९ वयाच्या ३७५ रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली, निष्कर्ष २००८ साली छापून आले. निम्म्यांना हा गेम, निम्म्यांना साधा करमणुकीचा. ज्यांनी तो खेळला त्यांनी औषधं जास्त नियमानं घेतली आणि आजाराची माहितीही त्यांना जास्त झाली. औषधं घेतली का हे नुसतं तोंडी विचारलं नव्हतं. बाटलीच्या झाकणात नोंद करणारं यंत्र होतं, आणि रक्तही तपासलं होतं. मात्र ताण कमी झाला किंवा जगणं सुखाचं झालं, असा फरक त्यात दिसला नाही. ही दुसरी गोष्ट त्यांनी लपवली नाही, म्हणून पहिलीवर माझा विश्वास बसला.

यावरून लगेच कुणी तरी म्हणेल, चला, अ‍ॅप काढू, भिंतीवर क्यूआर कोड लावू. मी क्यूआर कोडही छापतो, रोज छापतो. पण तो अभ्यास तरुण पोरांवरचा होता. आमच्या हॉलमध्ये निम्म्या जणांच्या हातात बटणांचा फोन असतो, आणि ज्यांच्याकडं मोठा फोन आहे ते आधीच त्यात मान घालून बसलेले असतात. अ‍ॅप म्हणजे प्रत्येकजण पुन्हा एकटा. पत्र्यावरच्या सापशिडीत शाहूवाडीची आजी आणि राजारामपुरीचा इंजिनिअर एकाच सोंगटीकडं बघत असतात.

अडचणी आल्याच. हॉल गाजायला लागला तशी सिस्टरनी तक्रार केली, सगळ्यांचं बीपी जास्त यायला लागलंय. त्यांचं बरोबर होतं. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून शांत बसायचं असतं आणि मोजताना बोलायचं नसतं. शेवटी बीपीचं टेबल आतल्या बोळात गेलं. एक गृहस्थ चिडले, माणसं दुखणी घेऊन आलीत आणि खेळ कसला मांडलाय? मला त्यांचाही राग आला नाही. अपघात विभागाबाहेर, आयसीयूबाहेर, मोठ्या आजाराच्या रिपोर्टची वाट बघणाऱ्या माणसांपुढं हे लावू नये. तिथं माणसाला गप्प बसायचा हक्क आहे. ज्या आजारात पेशंटला महिन्याच्या महिन्याला यायचं आहे आणि निम्मा उपचार त्यानं घरी स्वतःच करायचा आहे, साखर, बीपी, दमा, गरोदरपणाची तपासणी, तिथली ही गोष्ट.

आणखी एक. बोर्ड लागल्यावर डब्यातली पावडर विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस माझ्या दुकानात आला. एका शिडीवर आमचा डबा दाखवा, बोर्डाचे सगळे पैसे आम्ही देतो. मॅडमनी नाही म्हटलं. मी धंदेवाला आहे, जाहिरातीवरच माझं पोट आहे, तरी मलाही ते पटलं. ज्या दिवशी शिडीवर डबा येईल त्या दिवशी सापावरचाही विश्वास उडेल.

या खेळानं कुणाची तीन महिन्यांची सरासरी शुगर उतरली असं मी म्हणत नाही, ते मोजलेलं नाही. सिस्टर म्हणतात, उपाशीपोटीच्या तपासणीला चहा पिऊन येणारे कमी झाले. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून धरायचे, हेही आता पुष्कळांना कळतं. हा त्यांचा अंदाज. मोजायचं असेल तर आपल्या शहरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नर्सिंग आणि फार्मसीची कॉलेजं आहेत. विद्यार्थ्यांना प्रकल्पाला विषय हवेच असतात. एका हॉलमध्ये बोर्ड लावा, दुसऱ्यात नेहमीचा फलक ठेवा, आणि बाहेर पडणाऱ्याला दोन साधे प्रश्न विचारा: इन्सुलिन कुठं ठेवायचं, घाम-थरथर झाली तर काय करायचं. उपयोग नाही असं निघालं तर तेही आपल्याच पानावर छापावं.

तालमी आणि मंडळांनाही एक विनंती. गणपतीत आरोग्य शिबिर बहुतेक मंडळं घेतात, आणि शिबिरातही रांग असतेच. नवरात्र तोंडावर आलं की उपवासाचा एक साप मुद्दाम घाला: ‘उपास हाय, जेवण न्हाई, पण साखरेची गोळी नेहमीचीच घेतली, चालतंय की.’ काही गोळ्या उपाशी पोटी साखर धोक्याइतकी खाली आणतात, आणि वर साबुदाणा खाल्ला की ती पुन्हा उसळते. उपवासाआधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यायची, ही त्याची शिडी. अंबाबाईच्या नवरात्रात आपल्याकडं किती घरांत हे नऊ दिवस चालतं ते मी वेगळं सांगत नाही.

बोर्डाची फाइल माझ्याकडं तयार आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यानं, सरकारी असो की खासगी, पेन ड्राइव्ह आणावा, मी फाइल फुकट देईन. झडपांमधली उत्तरं मात्र कोरी ठेवून देईन. ती आपापल्या डॉक्टरांकडून लिहून, सही घेऊन आणायची. छपाई आणि पत्र्याचे पैसे पडतील, ते नेहमीच्या दरानं. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक छपाईवाला
शुक्रवार पेठ, कोल्हापूर
(नाव प्रसिद्ध करू नये)